आवाजाला लावलेल्या खुणा

आधी माफी मागतो. या अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं आजवर निवृत्त झालेली असायची. कोणी गोदीत पस्तीस वर्षं काढलेली, कोणी सरकारी दवाखान्यात केस पांढरे केलेली. त्यांना लिहायचा हक्क होता. मी अजून पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि नोकरी म्हणावी तर अर्धवेळ. थकवा तेवढा त्यांच्यासारखा आहे. अंकाच्या संपादक आम्हाला कॉलेजात मराठी शिकवतात. "दुपारनंतर तू कुठे गायब होतोस?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं, तर म्हणाल्या, "हेच लिही." मी म्हटलं, "बाई, माझं काम सांगायला लागलो की लोकांना जांभई येते." त्या म्हणाल्या, "मला आली की मी तिथे कापीन." त्यांनी खरंच कापावं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे काहीही लिहिलं तरी ते परीक्षेतल्या उत्तरासारखं होतं.

काम असं. महाप्याला एक ॲनिमेशन स्टुडिओ आहे. टीव्हीवर आणि मोबाइलवर लहान मुलं जी कार्टून बघतात, त्यातली काही तिथे तयार होतात. मी तिथे मार्कर लावतो.

माझे वडील उरणकडे एका कंटेनर यार्डात आहेत. पहिल्या दिवशी मी घरी आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मग? चित्रं काढतोस का तू?"

"नाही."

"मग त्या कार्टूनचे आवाज काढतोस?"

"नाही, त्याला वेगळी माणसं असतात."

"मग करतोस काय?"

"खुणा करतो."

त्यांनी ताटातला भात कालवला. मग म्हणाले, "आमच्याकडे पण खडूनं खुणा करतात कंटेनरवर. कुठला उचलायचा, कुठला ठेवायचा. तसंच ना?"

"तसंच," मी म्हटलं. त्यानंतर मी पुष्कळांना हे काम समजावून सांगितलं, पण वडिलांच्या एवढ्या लवकर ते कोणाला कळलं नाही.

तरी थोडं सांगतो. कार्टूनमधलं एक सेकंद म्हणजे पंचवीस चित्रं. ही सगळी चित्रं स्क्रीनच्या खालच्या बाजूला एका लांब पट्टीवर मांडलेली असतात. तिला टाइमलाइन म्हणतात. त्या पट्टीच्या खाली आवाजाची पट्टी असते. पात्र कुठे बोलायला लागतं, कुठे श्वास घेतं, दार कुठे आपटतं, हे ॲनिमेटरला चटकन सापडावं म्हणून पट्टीवर छोटे झेंडे लावायचे आणि प्रत्येक झेंड्याला नाव द्यायचं. झेंडा म्हणजे मार्कर. 'काका बोलतात – आ', 'ओठ मिटले', 'पाय टेकला'. नावाखाली दोन ओळी लिहायलाही जागा असते. सीन बदलला की झेंडे सरकवायचे, जुने काढायचे, लाल-पिवळे रंग बदलायचे. कानाला हेडफोन लावून एकच वाक्य इतक्या वेळा ऐकायचं की त्याचा अर्थ निघून जातो आणि नुसते ओठ उरतात. संध्याकाळी कान गरम झालेले असतात. कॉलेजात सर बोलताना मध्येच श्वास घेतात, तर माझं बोट बाकावर आपोआप झेंडा लावतं.

ऑफिसात मला सगळे 'मार्कर' म्हणतात. "ए मार्कर, सीन चार झाला का?" माझं खरं नाव पगाराच्या दिवशीच वापरात येतं.

ज्यांना ऐकू येतं त्या ॲनिमेटरांना माझे झेंडे म्हणजे सोय होती. नसते तरी त्यांनी चालवून घेतलं असतं. एका माणसाचं मात्र त्याशिवाय पान हलत नव्हतं. तो नीलेश. त्याची जागा माझ्या शेजारी होती. नीलेशला जन्मापासून ऐकू येत नाही. तो आमच्याकडचा सगळ्यात चांगला हात होता. हे मी मैत्रीपोटी म्हणत नाही. अवघड सीन आला की आमच्या सुपरवायझर वर्षा मॅडम न बोलता तो त्याच्या फोल्डरमध्ये टाकायच्या. पात्राच्या तोंडाची हालचाल आवाजाशी जुळवायची तर आवाज ऐकायला लागतो. नीलेश तो माझ्या झेंड्यांतून वाचायचा.

त्याला हाक मारायची आमची एक पद्धत होती. त्याच्या टेबलावरचा दिवा दोनदा बंद-चालू करायचा. मग तो वळून बघायचा, आणि काम फालतू असेल तर दिवा स्वतःच बंद करून टाकायचा.

मी कामाला लागून दोन महिने झाले तेव्हा आम्ही पंक्चरवाल्या काकांची मालिका करत होतो. एक पंक्चर काढणारे काका आणि त्यांचं भांडकुदळ बदक. एका ठिकाणी काका हसतात. मी झेंडा लावून लिहिलं, 'हसतात'. नीलेशनं माझ्या खांद्यावर टकटक केलं आणि मोबाइलवर लिहून दाखवलं: "हसणे कसे? पोट? नाक?"

मला कळेना. त्यानं आधी पोटावर हात ठेवून सगळं अंग गदगदून हलवलं. मग नाकातून एकदाच हवा सोडली, खांदा किंचित उडवून, एखाद्याला तुच्छ लेखल्यासारखं. मी पुन्हा हेडफोन लावला. दोन महिने त्या ऑफिसात कोणी मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता, आणि कॉलेजातही नाही. काका पोटातून हसत होते. मी झेंड्यावर लिहिलं, 'हसणे. पोट.'

तेव्हापासून आमची एक भाषा तयार झाली. नुसतं 'ओरडतात' लिहून भागायचं नाही, तो विचारायचा, "मान ताठ? की खाली?" 'कण्हतात' लिहिलं तर, "ओझे उचलताना की ठेवताना?" मी वडिलांना आठवून लिहायचो, 'ठेवताना'. एकदा बदकाच्या आवाजाला मी 'कुरकुर' लिहिलं, तर त्यानं विचारलं, "कुरकुर कोणासारखी?" मी लिहिलं, 'रोशनसारखी, चहा गार मिळाल्यावर.' रोशन आमचा एडिटर, कोपरखैरण्याच्या गावठाणातला. नीलेश टेबलावर डोकं ठेवून हसला. पुढे ते बदक प्रत्येक भागात रोशनसारखं तोंड करायचं आणि रोशनला ते कधीच कळलं नाही. हा अंक त्याच्या हातात पडला तर कळेल.

नीलेशनं मला बोलण्यापुरती खुणांची भाषा शिकवली होती आणि त्या भाषेतलं एक नावही दिलं होतं. कानाला बोट लावायचं आणि मग तेच बोट हवेत झेंड्यासारखं उभं करायचं.

आता जे पणाला लागलं होतं ते सांगतो. नीलेश कंत्राटावर होता. कंत्राट संपताना त्याला कायम करायचं की नाही हे वर ठरणार होतं. त्याची बायको सुप्रिया, तिलाही ऐकू येत नाही. ती गरोदर होती. नीलेशच्या घरचे लोक म्हणत होते की बाळंतपणाला गावी या आणि तिथेच राहा, दोघांना ऐकू येत नाही, शहरात तान्हं मूल कसं सांभाळणार? नीलेशला इथेच राहायचं होतं, घणसोलीच्या भाड्याच्या खोलीत, स्वतःच्या कामावर. कायम झालो तर कोणी काही बोलणार नाही, असं त्याचं गणित होतं. जेवताना तो मला विचारायचा, "मॅडम काय म्हणाल्या?" मी सांगायचो, काही नाही. तो विचारायचा, "काही नाही कसे? चांगले की वाईट?" ह्याला माझ्याकडे झेंडा नव्हता.

मध्येच एक प्रकार झाला. मी सांगितलं की झेंड्याखाली दोन ओळींची जागा असते. तिथे आमच्या गप्पा चालायच्या. 'भूक लागली.' 'खाली वडे आलेत.' 'मॅडम चिडल्यात, मान वर करू नको.' रोशनही त्यात लिहायचा. सीनमधला आवाज त्यानं पुढेमागे केला की तो लाल झेंडा लावायचा: 'सरकवलं, बघ.' फाइल बाहेर जाण्याआधी हे सगळं पुसायचं काम माझं. एकदा क्लायंटला घाई झाली आणि मी पुसायच्या आत फाइल थेट सर्व्हरवरून गेली. क्लायंटकडच्या बाईंनी फोन केला. मॅडमनी फोन ठेवला आणि सगळ्यांना उभं केलं.

"त्या बाई मला विचारतायत, 'मॅडम चिडल्यात' हा कुठला शॉट आहे म्हणून. काय सांगू?"

रोशन म्हणाला, "सांगा, ओरिजिनल पर्फॉर्मन्स हाय."

मॅडमना हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. "आजपासून मार्करमध्ये फक्त कामाची नावं. इंग्लिश कोड. खाली एक अक्षर लिहायचं नाही. काय सांगायचं ते तोंडानं सांगा."

तोंडानं सांगा. त्या क्षणी कोणाच्याच लक्षात आलं नाही की खोलीत एकजण आहे ज्याला तोंडानं सांगून चालत नाही. नीलेश आमच्याबरोबर उभा होता आणि आम्ही माना हलवल्या तशी त्यानंही हलवली. नंतर मी त्याला मोबाइलवर लिहून सांगितलं. त्यानं विचारलं, "हसणे पण नाही?" मी लिहिलं, कोड एलजी एक म्हणजे पोट, एलजी दोन म्हणजे नाक. तो म्हणाला, चालेल. पण त्याचा चेहरा पडला होता.

आता झेंड्यांतली एक अडचण सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. खूण दोन प्रकारे करता येते. समजा घरात कपाट आहे. खूण कपाटावर केली तर कपाट सरकवल्यावर खूणही बरोबर जाते. भिंतीवर केली तर कपाट जातं, खूण तिथेच राहते. आमच्याकडे झेंडे भिंतीवर लावायचे, म्हणजे टाइमलाइनवर. क्लायंटच्या सिस्टीमला तसेच चालायचे. त्यामुळे आवाज सरकला की कोणीतरी पुन्हा सगळं ऐकून झेंडे नवीन जागी न्यायला लागायचे. ते कोणीतरी मी.

माझी सेमिस्टरची परीक्षा आली. सुट्टी मंजूर होती. जाताना मी सीन सहाचे झेंडे लावून गेलो. त्या सीनमध्ये काकांचं बदक हरवलेलं असतं. शेजारी विचारतात, तर काका हसून म्हणतात, "बरं झालं गेलं, डोक्याला ताप होता नुसता." आवाज देणाऱ्या गृहस्थांनी ते हसू इतकं कोरडं काढलं होतं की मी कोडच्या नियमात राहून काय लिहावं ते सुचेना. शेवटी नीलेशला बाजूला नेऊन समजावलं: पोट नाही, नाक नाही. तोंड हसतं आणि डोळे त्याला साथ देत नाहीत. त्यानं आरशात बघून चार-पाच वेळा करून पाहिलं. मग स्वतःची एक गंमत घातली. बोलता बोलता काकांचं लक्ष नसतं आणि पंक्चरचा पॅच ट्यूबला लावायच्या ऐवजी ते स्वतःच्या अंगठ्याला लावतात. त्यानं ती कच्च्या रेघांत काढून दाखवली तेव्हा मी पोटातून हसलो. "हा सीन दाखवायचा," तो म्हणाला. "कायम होणार."

मी परीक्षेला बसलो असताना क्लायंटकडून नवा कट, म्हणजे भागाची नवी कापलेली आवृत्ती, आली. सुरुवातीचा थोडा भाग उडवला होता. रोशननं सीनचा आवाज पुढे, म्हणजे तेवढा आधी, घेतला आणि खुर्चीत वळून हॉलभर ओरडला, "सीन सहा पुढे घेतलाय हां, बघून घ्या रे सगल्यांनी!" सगळ्यांनी ऐकलं. लाल झेंडा लावायचा नाही, तोंडानं सांगायचं, असा नियम होता आणि त्यानं नियम पाळला. नीलेशच्या टेबलावरचा दिवा कोणी बंद-चालू केला नाही. प्रत्येकाला वाटलं, शेजारचा करेल. शेजारचा म्हणजे मी, आणि मी जुईनगरला घरी समाजशास्त्र पाठ करत होतो.

नीलेशनं माझ्या झेंड्यांवर विश्वास ठेवून सीन पूर्ण केला. एकेक ओठ झेंड्यावर बरोबर बसवला. मी परत आलो त्याच दिवशी सीन क्लायंटला दाखवायचा होता, आणि घाईत आवाज लावून तो कोणी बघितला नव्हता. मला कोणी काही म्हणालं नाही, कारण म्हणण्यासारखं काही घडलंय हेच कोणाला माहीत नव्हतं.

मीटिंग रूममध्ये क्लायंटकडची माणसं, मॅडम, रोशन, मी, आणि भिंतीला टेकून नीलेश. सीन सहा लागला. काका हसले, पण तोंड बंद. "बरं झालं गेलं," आवाज आला, तोंड बंदच. आवाज संपला आणि मग त्या शांततेत काका तोंड उघडून कोरडं हसले, बोलले, अंगठ्याला पॅच लावला. सगळं बिनआवाजाचं. पाण्यातल्या माशासारखं.

क्लायंटकडच्या एका तरुण मुलानं नाकातून फुस्स केलं. मग बाईंनी. मग आणखी दोघांनी.

नीलेश पडद्याकडे बघत नव्हता. सीन त्याला पाठ होता. तो माणसांकडे बघत होता. अंगठ्याच्या जागी माणसं हसली, अगदी त्याला हवी होती तिथे. तो खुलला. त्यानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग पोटावर हात ठेवला, नाकाला बोट लावलं, आणि प्रश्नासारखी मान हलवली. पोट? नाक?

मी तिथे खोटं सांगू शकलो असतो. पण इतके दिवस तो माझ्या कानावर विसंबून होता आणि एकदा खोटी खूण केली की पुढची एकही खूण खरी राहत नाही. मी नाकाला बोट लावलं.

त्यानं मान हलवली. हात खाली घेतला आणि भिंतीला टेकलेला होता तसाच उभा राहिला, सीन संपेपर्यंत.

दुरुस्ती एका दुपारचं काम होतं. चित्रं उचलून आवाजापाशी नेली, सांधे जुळवले, झालं. पण मीटिंगमध्ये जे झालं ते झालं होतं. मी मॅडमच्या केबिनच्या दारात गेलो. मला मोठ्या माणसांपुढे बोलायला जमत नाही. पायांना घाम येतो.

"मॅडम, एक बोलू का?"

"बोल. कॉल आहे मला."

"नीलेशची चूक नव्हती. आवाज सरकला ते त्याला कळलंच नाही. रोशननं सांगितलं, पण ओरडून."

त्यांनी चष्मा काढला. "मला काय कळत नाही का रे? तोंडानं सांगा असं कोण म्हणालं? मीच म्हणाले ना?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

"पण क्लायंट चूक कोणाची ते विचारत नाही. तो विचारतो, हा सीन कोणी केला? मी काय सांगू, बदकानं?"

"त्याचं कायम होण्याचं..."

"बोलले मी वर. परत बोलेन. तू जा, आणि त्या लाल झेंड्यांचं आधीसारखं चालू करा. खालीही लिहा. फक्त पुसून पाठवा, एवढी कृपा करा."

त्या बोलल्या असणार. त्या शब्दाच्या पक्क्या आहेत. पण त्याच सुमारास वरच्या लोकांनी नवीन सॉफ्टवेअर घेतलं. ते आवाज स्वतः ऐकतं, झेंडे स्वतः लावतं आणि पात्राचं तोंड स्वतः हलवतं. ते सोळा आणे बरोबर नसतं. पंख्याची घरघर ऐकून ते काकांना बोलायला लावतं. हसू कुठलंही असो, तोंड एकाच मापाचं उघडतं. पण ते चहा पीत नाही आणि कंत्राट मागत नाही. नीलेशचं कंत्राट संपलं तेव्हा ते वाढवलं नाही. आणखी दोघांचंही नाही.

शेवटच्या दिवशी रोशननं समोसे आणले. तो नीलेशच्या टेबलावरचा दिवा सारखा बंद-चालू करत होता. नीलेश वळला की म्हणायचा, "काय नाय रे, असंच." नीलेशनं त्याच्या पाठीत एक धपका घातला. मनगटाखाली ठेवायची निळी उशी त्यानं पिशवीत टाकली. मला म्हणाला, "गावी जातो. मूल होऊ दे. मग बघू." मग मोबाइलवर एक ओळ लिहून बराच वेळ माझ्यापुढे धरली: "मूल ऐकणार की नाही? दोन्ही बरोबर. पण ऐकले तर त्याला काय ऐकू येते ते मला कळणार नाही." मी कानाला बोट लावून झेंडा उभा केला. म्हणजे माझंच नाव. मी आहे, एवढंच सांगायचं होतं.

नंतर काही दिवस मेसेज आले. मग नंबर बंद झाला. मी दोनदा मॅडमना विचारलं. रोशननं घणसोलीच्या घरमालकाला गाठलं. त्याच्याकडेही जुनाच नंबर होता.

मी अजून तिथेच आहे. आता मी झेंडे लावत नाही, यंत्रानं लावलेले तपासतो. घरघर पुसतो, खोकला पुसतो. शेजारच्या जागेवर प्रिंटर ठेवलाय. काम कमी झालं असं म्हणतात, पण मला जास्त शीण येतो. माणसासाठी ऐकणं आणि यंत्राच्या चुका ऐकणं यात काय फरक आहे हे मला नीट मांडता येत नाही. बाईंनी इथे कापलं तरी चालेल. काही वेळा यंत्रानं लावलेल्या 'लाफ' ह्या झेंड्याखाली मी 'नाक' असं लिहितो आणि फाइल पाठवण्याआधी पुसतो.

हा लेख खरं तर इथेच संपवून मी बाईंना दिला होता. त्यांनी परत दिला नव्हता तोवर, मागच्या रविवारी, अनोळखी नंबरवरून मेसेज आला. वर एक छोटंसं चित्र होतं: एक कान आणि त्याशेजारी झेंडा.

"नीलेश. मोबाइल पाण्यात पडला, सगळे नंबर गेले. रोशनला इन्स्टावर शोधले, तुझा नंबर मिळाला. मुलगी झाली. कानाची टेस्ट झाली. ऐकू येते. इथल्या शाळेत मुलांना ड्रॉइंग शिकवतो. सुप्रिया बरी."

मी 'वा' लिहीपर्यंत दुसरा मेसेज आला.

"रडली की लाइट लागतो असे यंत्र घेतले. पण लाइट सारखाच लागतो. तोंड पण सारखेच दिसते. आवाज वेगळा आहे का? व्हिडिओ पाठवतो. मार्कर लाव. नाव लिही. मी चेहरा बघून शिकतो."

फाइल मोठी होती. आईनं गॅसवर डाळ ठेवली होती आणि मी ओट्याशेजारीच लॅपटॉप उघडून बसलो. हेडफोन लावणार होतो, पण लावले नाहीत. बाळ रडायला लागलं तशी आई पळी हातात घेऊन आली. "कोणाचं रे?"

"मित्राचं. ही का रडतेय, ते लिहायचंय."

"ही भूक," आई म्हणाली. "बघ, तोंड वळवते ती. जरा पुढं घे." मी पुढे घेतलं. "ही झोप. हे रडणं नाही, कंटाळा आलाय पोरीला. डोळे चोळतेय बघ." मग ती ओट्याकडे गेली आणि तिथूनच ऐकत राहिली. मी झेंडे लावत गेलो. भूक. झोप. भूक. एका ठिकाणी दोघांनाही कळेना. तिथे मी पिवळा झेंडा लावून लिहिलं, 'माहीत नाही. पुन्हा पाठव.'

शेवटाकडे सुप्रियाचा हात मध्ये येतो, ती बाळाच्या पायाला गुदगुल्या करते, आणि बाळाचं सगळं अंग हलतं. तोंड रडताना उघडतं तेवढंच उघडं आणि आवाजही तेवढाच मोठा, म्हणून यंत्रानं दिवा लावला असणार. मी तेवढा भाग पुन्हा लावला. आई गॅस बारीक करून म्हणाली, "आता हे काय विचारायचं?"

मी हिरवा झेंडा लावला आणि लिहिलं, 'हसणे. पोट.'